दोन बोटे माया

अस्तर कोटाला असते, पडद्याला असते, लग्नातल्या शालूच्या ब्लाउजला तर असतेच असते. पण मोटारीलाही अस्तर लावायचे असते, हे समजायला आम्हांला सातासमुद्रापलीकडे जावे लागले.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव इंग्लंडात लेस्टरजवळ असतात. 2024च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दारात फोक्सवॅगनची एक जुनी मालवाहू व्हॅन उभी होती. आतून नुसता उघडा पत्रा. तिची म्हणे कॅम्पर व्हॅन करायची होती. म्हणजे झोपायला फळी, चहाला शेगडी आणि खिडकीला पडदा असलेले चाकांवरचे बिऱ्हाड. या वेडाला परंपरा आहे बरे! 1947 साली बेन पॉन नावाच्या एका डच व्यापाऱ्याने टिपणवहीत अशा व्हॅनचे चित्र खरडले. 1950 मध्ये जर्मनीत ती तयार होऊ लागली आणि 1951 मध्ये वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवायची संसारपेटीही काढली. तेव्हापासून युरोपातली माणसे चार दिवस सुट्टी मिळाली की घर पाठीवर घेऊन निघतात.

"इकडे सुतार मिळत नाही का रे?" आम्ही विचारले.

"मिळतो बाबा. पण त्याची मजुरी ऐकलीत तर तुम्ही उद्याच्याच विमानाने परत जाल!"

इकडे सौभाग्यवतींचे निराळेच चालले होते. भांडी यंत्र घासते, कपडे यंत्र धुते, सूनबाई सकाळी आठाला कचेरीत. तिसऱ्या आठवड्यात ही आम्हांला हळूच म्हणाली, "अहो, पोटच्या पोराच्या घरी मी पाहुणी झाले हो." हा रुमाल आधीच शिवलेला, त्याची कड ती पुन्हा टिपत बसली होती. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

चिरंजीवांनी पुस्तकी तयारी चोख केली होती. अस्तर शोभेसाठी नसते, हे आम्हांला तेव्हा कळले. थंड रात्री बंद गाडीत दोन माणसे झोपली की त्यांच्या श्वासातली वाफ गार पत्र्यावर थेंब होऊन बसते. तिथून गंज आणि बुरशी. म्हणून आधी पत्र्याला पाणी न पिणारा फोम चिकटवायचा, तोही मध्ये पोकळी न ठेवता. मोठ्या पत्र्यांचा ढणढणाट थांबवायला त्याआधी रबरासारखे जड तुकडे लावायचे. सगळा पत्रा झाकायची गरज नाही, वाजत्या परातीवर तळहात ठेवला की ती गप्प होते तसे. दारांच्या तळाशी पाणी निघून जायची भोके असतात, ती मात्र बुजवायची नाहीत. मग सपाट भागांवर पातळ प्लायवुड आणि सर्वांवर कार्पेट. हे कार्पेट म्हणजे आपला गालिचा नव्हे. दोन मीटर पन्ह्याचे, चारी बाजूंना ताणले जाणारे, बनातीसारखे पातळ कापड.

सपाट भाग झाले. घोडे अडले ते मागच्या चाकावरच्या उंचवट्यापाशी. त्या टेंगळावर कापड बसेना. एका बाजूने ओढावे तर दुसऱ्या बाजूला चुणी. सौ. चहा घेऊन आली आणि कप हातात धरून पाहत राहिली.

"अरे, ओढतोस काय असा? ओढलेलं कापड आज ना उद्या सूड उगवतं. तुझी कुंची शिवली होती तसंच आहे हे. सरक."

तिने आधी वर्तमानपत्राचा बेत कापला. कापडावर हात फिरवून लव कुठल्या दिशेला आहे ते पाहिले. "मखमलीसारखं आहे. एक तुकडा उलटा लागला तर रंग वेगळा दिसेल." गोंद मात्र चिरंजीवांनीच फवारला, दारे सताड उघडून, तोंडाला मुखवटा बांधून; तो जळाऊ असतो, आसपास शेगडी नको. गोंदही उष्णता सोसणारा लागतो, नाहीतर उन्हात छत तापले की कापड लोंबू लागते. पत्रा आणि कापड दोहोंवर फवारून, बोटाला चिकटणार नाही इतका सुकू द्यायचा. मग कापडाचा मध्य उंचवट्याच्या माथ्यावर टेकवून तिने तळहाताने कडेकडे निपटत नेले. चुणी नाही, फुगा नाही. चिरंजीव कात्री घेऊन कड कापायला धावले.

"थांब! दोन बोटं माया ठेव."

"माया?" तिकडेच वाढलेल्या सूनबाईंनी विचारले. "माया म्हणजे प्रेम ना?"

"तेही," सौ. म्हणाली. "पण शिवणात कडेला जादा सोडतात त्या कापडालाही माया म्हणतात. ती आत दडपायची. दिसत नाही, पण तिच्यावाचून शिवण टिकत नाही."

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आम्ही गिरणीच्या हिशेबखात्यात होतो. गिरणीला कुलूप, पगार बंद. तेव्हा चाळीतल्या आमच्या दोन खोल्या चालल्या त्या शिवणयंत्राच्या चाकावर. फॉल, परकर, शाळेचे गणवेश! चिरंजीव चार वर्षांचे होते, ते त्या खडखडाटात झोपत. आपल्या घरांतून याला 'फावल्या वेळचे शिवण' म्हणतात. फावला वेळ! रात्री एकपर्यंतचा वेळ कोणाचा फावला असतो?

त्या दिवसापासून गाडीत हुकूम सौ.चा चालला. चिरंजीव, पदवीधर इंजिनिअर, "आई, इथे किती सोडू?" म्हणून विचारू लागले. सूनबाईंनी शनिवार-रविवार तिच्या हाताखाली बेत कापायला शिकून घेतले. रुमाल पेटीत गेला. 'पाहुणी' हा शब्द पुन्हा आमच्या कानांवर आला नाही.

पुढे ती गाडी स्कॉटलंडला जाऊन आली. खिडकीची फट उघडी ठेवून झोपायचे एवढे पथ्य उरले. कारण अस्तर कितीही चांगले असले तरी श्वासाला बाहेर वाट हवीच. छताचे कापड दुसऱ्या उन्हाळ्यातही जागचे हललेले नाही.

वाचकहो, तुमच्याकडे कॅम्पर व्हॅन नसेल, पण कोपऱ्यात झाकून ठेवलेले एखादे शिवणयंत्र असेल. त्याने एके काळी घर कसे ओढले, ते यंदा फराळाच्या वेळी विचारून पाहा. आमच्याकडे याल तेव्हा दारात राखाडी रंगाचे पायपुसणे दिसेल. ते त्या व्हॅनच्या उरलेल्या तुकड्याचे आहे. पाय जरा जपून पुसा; कडेला दोन बोटे माया दडपलेली आहे.