बेगमी

धान्याची साठवण हाच ज्याच्या अभ्यासाचा आणि उपजीविकेचा विषय, अशा मनुष्यास लोक बहुधा एकच प्रश्न विचारतात : अडीअडचणीसाठी घरात धान्य किती भरून ठेवावे? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम होय. कारण पोते भरलेले असूनही घर उपाशी राहू शकते, आणि याचे प्रत्यंतर 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूरकरांस आणून दिले. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा हमरस्ता शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन वाहतूक कित्येक दिवस खोळंबली, आणि पाणी उपसण्याची केंद्रेच बुडाल्यामुळे भोवताली अथांग पाणी असताना शहरातील नळ कोरडे पडले. अशा समयी वीज जाते. वीज गेली की गिरणी बंद पडते. आणि गिरणी बंद पडली की कोठीतल्या गव्हाची पोळी काही होत नाही.

आमच्या पूर्वजांनी हा विचार पुरता केलेला होता. कोकणात मृगापूर्वी आगोट भरताना तांदूळ, डाळी, मीठ, मिरची, सुकी मासळी यांच्याच बरोबरीने लाकूडफाटाही रचून ठेवीत. देशावर, जिथे जमीन कोरडी आणि घट्ट, तिथे ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारात, घालीत. पेवाचे तोंड लिंपून बंद केले म्हणजे आतील धान्याच्या आणि किडीच्या श्वसनानेच प्राणवायू संपत जातो, कर्बवायू साचतो, आणि कीड गुदमरून मरते. परंतु हीच हवा मनुष्यालाही घातक, म्हणून पेव उघडल्यावर ते काही काळ तसेच मोकळे ठेवावयाचे, मग दोरीने पेटता कंदील आत सोडावयाचा आणि तो विझला तर कोणी खाली उतरावयाचे नाही, असा शिरस्ता होता. त्या ज्वारीला एक आंबूस दर्प येई आणि ती पेरली तर उगवत नसे. सबब बियाणे निराळे राखून ठेवीत.

घरातला घट्ट झाकणाचा डबा हेही तत्त्वतः एक लहान पेवच. पण जो डबा रोज उघडला जातो, त्यात रोज नवी हवा शिरते आणि किडीला जीवदान मिळते. मुगाचा एक दाणा भिंगाखाली धरून पाहावा : सालीवर चिकटलेला पांढरा ठिपका हे भुंगेऱ्याचे अंडे. त्यातून निघालेली अळी सरळ दाण्यात शिरते, आतला गर खात वाढते आणि शेवटी वाटोळी खिडकी कोरून पूर्ण वाढलेला भुंगेरा बाहेर पडतो. तोवर वरून दाणा निर्दोषच दिसतो. किलोभर कडधान्याला चहाचा एक चमचा एरंडेल चोळावे, ही आजीबाईंची रीत शास्त्रालाही मान्य आहे. तेलाच्या थराखाली अंड्यातील जीव गुदमरतो. म्हणून माझी शिफारस अशी की, संकटासाठीचे कडधान्य एका मोठ्या पिंपात न ठेवता कडक उन्हात वाळवून, निववून, काठोकाठ भरलेल्या लहान डब्यांत ठेवावे आणि एका वेळी एकच डबा फोडावा.

त्याहून महत्त्वाची तजवीज विस्तवावाचून खाता येईल अशा अन्नाची. पोहे, चुरमुरे, गूळ, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, मेतकूट, सातूचे पीठ : ही यादी आपल्या स्वयंपाकघराला मुळीच परकी नाही. भाजण्याने पिठातील ओल जाते आणि किडीची अंडीही नष्ट होतात. बाजरीचे पीठ मात्र थोड्याच दिवसांत कडवट होते. बाजरी दाण्याच्याच रूपात ठेवावी. आणि ठेवलेले खावे, खाल्लेले भरावे. वर्षभर हात न लावता फळीवर जपलेला साठा ऐन वेळी जाळी धरलेला निघतो.

पाण्याविषयी आपण सर्वांत बेफिकीर आहोत. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोजी निदान 4 लिटर धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी 60 लिटर लागतात. काल भरलेले पाणी शिळे म्हणून ओतून देणे हा आपला जुना परिपाठ, पण स्वच्छ, झाकलेले पाणी एका रात्रीत नासत नाही. ते नासते ते उघड्या हंड्यात बुडणाऱ्या हाताने. अरुंद तोंडाचे, तोटी असलेले भांडे म्हणूनच श्रेष्ठ. पुराचे पाणी विहिरीत मिसळले असेल, तर आधी तुरटीने गाळ बसवावा, वरचे निवळ पाणी काढून घ्यावे आणि मगच क्लोरीनचे औषध, बाटलीवरील प्रमाण पाहून, घालावे व अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात घातलेले औषध गाळावरच खर्ची पडते.

दिवाळीच्या साफसफाईत डबे खाली उतरतीलच. ते घासून, उन्हात कडकडीत वाळवून परत फळीवर चढवण्यापूर्वी वाचकांनी एवढे अवश्य पाहावे की, वीज, गॅस आणि नळ तिन्ही बंद असता घरातील म्हाताऱ्या माणसांस व मुलांस तीन दिवस काय खावयास व प्यावयास देता येईल. आणि जे उणे भरेल ते याच महिन्याच्या वाणसामानात मागवावे.