चिरूट, आजी आणि शंभर मार्क

सुरुवातीलाच दोन कबुल्या देऊन टाकतो. पहिली, मी कॉन्व्हेंटचा पोट्टा. मराठी बोलतो झकास, पण लिहायला बसलो की ऱ्हस्व-दीर्घाची व्हायव्हा सुरू होते. चुकलं तर पोटात घाला. दुसरी कबुली वॉर्डन सरांसाठी : खाली लिहिलेला सगळा प्रकार हॉस्टेलच्या बाहेर घडलेला आहे!

झालं असं, की माझ्या रूमीचे मामा दुबईहून आले आणि त्यांच्या बॅगेतले दोन चिरूट याच्या बॅगेत आले. (कसे, ते विचारू नका.) साधेसुधे नाहीत, क्युबाचे, लिमिटेड एडिशन. क्युबाची कंपनी २००० सालापासून असे खास चिरूट काढते. पानं निदान दोन वर्षं मुरवलेली, आणि नेहमीच्या पट्टीखाली आणखी एक काळी-सोनेरी पट्टी. एकाची किंमत रूमीने सांगितली तेव्हा मी मनात हिशेब केला, माझं मेसचं दोन महिन्यांचं बिल!

आता इंजिनीअरच्या हातात वस्तू आली की तो आधी मोजमाप करणार. एक चिरूट आम्ही तराजूवर ठेवला. भरला चौदा ग्रॅम. रूमीने कुठून तरी परीक्षणाचा तक्ता छापून आणला होता, एकूण शंभर मार्कांचा. रूप, बांधणी, ओढ, चव, राख, सगळ्याला वेगवेगळे मार्क. रविवारी त्याच्या दादाच्या फ्लॅटच्या गच्चीवर आम्ही चार परीक्षक जमलो.

पद्धत अशी : आधी टोक कापायचं, मग न पेटवताच एक कोरडा झुरका घ्यायचा. मग दुसरं टोक ज्योतीपासून जरा लांब धरून गोल फिरवत शेकायचं. धूर तोंडातच घोळवायचा, छातीत घ्यायचा नाही. चिरूटाचे मनातल्या मनात तीन भाग करायचे आणि प्रत्येक भागाची चव वेगळी लिहायची. (छातीत घेत नाहीत म्हणून चिरूट निरुपद्रवी, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला तेवढंही पुरतं.)

एक जण म्हणाला, "कोको." दुसरा म्हणाला, "लेदर." रूमी डोळे मिटून म्हणाला, "सीडर वुड." त्याने सीडरचं झाड जन्मात पाहिलेलं नाही, पण तक्त्यात लिहिलं होतं ना! शेवटच्या भागात तिखट लागायला लागलं, दोघांना ठसका लागला, तरी सरासरी आली एक्क्याण्णव.

माझा कागद मात्र कोराच राहिला. कारण त्या कोऱ्या झुरक्यातच मला एक वास आला होता. कच्च्या तंबाखूचा, थोडा गोडसर, थोडा ओल्या पानांचा. हा वास मला पाठ होता. तो माझ्या आजीच्या लुगड्याचा वास होता.

माझी आजी कामठीची. बाबा चंद्रपूरला नोकरीला, मी तिथल्याच कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या सगळ्या कामठीत. आजीने चाळीस वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूटभर जर्दा, एक वळसा, टोक दुमडून दोऱ्याची गाठ. दिवसाला आठशे, कधी हजार. बाबांचा आयटीआय त्यातूनच झाला. लिमिटेड रिलीज म्हणाल तर आमचा तेंदूपत्ताही तसाच. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात उन्हाळ्यातले मोजके आठवडेच त्याची तोड चालते.

आजीने स्वतः कधी बिडी ओढली नाही. तरी खोकला आहे. चाळीस वर्षं नाकासमोर तंबाखूची धूळ, आणखी काय होणार?

आणि शाळेत मी काय केलं? पाचवीत 'माय ग्रँडमदर' निबंध आला, तेव्हा मी लिहिलं, 'शी इज अ हाउसवाइफ.' दहा पैकी नऊ मिळाले.

असो. उरलेला चिरूट मी रूमीकडून मागून घेतला. तो म्हणाला, "मीही येतो." पुढच्या रविवारी आम्ही दोघं कामठीला गेलो.

आजीने आधी आम्हा दोघांकडे रोखून पाहिलं. "पितेत का रे तुम्ही?" आम्ही माना खाली घातल्या. मग तिने चिरूट हातात घेतला आणि काय सांगू, समोर एकदम वेगळीच बाई बसली! नाकाशी नेला. कानाजवळ धरून दोन बोटांत हलकेच फिरवला. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठ्याने दाबत गेली.

"पान लय बेस मुरवलं हाय. शीर दिसू नाही देली वरतं. हात बसेल हाय बाईचा." मग अंगठा एका जागी थांबला. "पन इथं भर कमी हाय. पोचट लागते. आमचा ठेकेदार असता तं यानं फेकून देला असता."

रूमीने दाबून पाहिलं. खरंच, तेवढी जागा मऊ होती. आमच्या एक्क्याण्णव मार्कांच्या चिरूटाचा जोडीदार आजीच्या अंगठ्याखाली नापास झाला! ठेकेदार रोज अशाच बिड्या बाजूला काढायचा. त्यांचे पैसे मिळायचे नाहीत, पान आणि जर्दा मात्र तिच्या हिशेबात धरला जायचा.

मग मी तिला क्युबाची गोष्ट सांगितली. तिथल्या कारखान्यांत १८६५ पासून एक वाचणारा माणूस असायचा. कामगार चिरूट वळायचे आणि तो मोठ्याने पेपर, कादंबऱ्या वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगार आपल्या पैशांतून द्यायचे. आजी हसली. "मंग तू नोयता का वाचत?"

मी विसरलोच होतो. तिसरीत असताना मी तिच्याशेजारी बसून इंग्लिशचं पुस्तक मोठ्याने वाचायचो. तिला एक अक्षर कळायचं नाही. थांबलो की म्हणायची, "वाच ना बाबू, हात चालते मंग." पगार म्हणून पाच रुपयांची कुल्फी.

निघताना तिने विचारलं, "तिकडच्या बाईले हजाराले किती भेटते?"

रूमी माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. रूप, बांधणी, ओढ, चव, राख... आमच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता.

येताना हिशेब केला. एका बिडीत साधारण ०.२ ग्रॅम तंबाखू, म्हणजे चौदा ग्रॅमचा एक चिरूट हा सत्तर बिड्यांचा ऐवज. तंबाखूचा हिशेब जुळला, पैशांचा नाही जुळला. गंमत म्हणजे १९६६ साली संसदेने जो कायदा केला, त्याच्या नावातच बिडी आणि सिगार शेजारी-शेजारी होते. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९३० च्या दशकात, कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली होती. 'जय भीम' हा शब्द घराघरांत नेण्याचं श्रेय ज्यांना देतात, तेच हे. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी गेले. कन्हानच्या काठी त्यांची समाधी आहे. आजी दर जानेवारीत तिथे जाते. मी तिचं बोट धरून गेलेलो आहे आणि जत्रेत फुगा मागून परत आलेलो आहे. ते कोण होते, हे विचारायला मला वीस वर्षं लागली.

तो चिरूट रूमीने अजून पेटवलेला नाही. कपाटात ठेवलाय आणि त्यावर चिठ्ठी लावलीय, 'आजीने नापास केलेला'. आणि माझ्या निबंधातली एक चूक दुरुस्त करायची राहिली होती, ती या पानावर करतो. माझी आजी हाउसवाइफ नव्हती. ती बिडी कामगार होती, आणि तिच्या हातची बिडी सहसा बाजूला निघत नसे.