धरणाखालचं पाणी कोण मोजणार?

गिरणा धरणाचे दरवाजे उघडले की भडगावात मोबाइलवर सगळ्यात आधी फिरतो तो क्युसेकचा आकडा. पूल बंद होणार का, नदीकाठच्या मोटारी काढाव्यात का, हे आम्ही त्यावरूनच ठरवतो. पण तो आकडा धरणाचा आहे, भडगावच्या पुलाखालचा नाही. मधल्या पट्ट्यातल्या नाल्यांचं पाणी त्यात नसतं. चाळीसगावहून कजगावमार्गे येणारी तितूर नदीही धरणाच्या खालीच गिरणेला मिळते. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात शिरलं ते तितूर आणि डोंगरी या नद्यांचं पाणी. गिरणा धरणाच्या दरवाजांशी त्याचा संबंधच नव्हता.

यावर कुणी म्हणेल, पुलाच्या खांबावर पट्टी रंगवा, पातळी कळली की झालं. गाव हलवायला पातळी पुरते, हे मान्य. पण पाणी किती वाहतंय हे पातळीवरून काढायचं तर पात्राचा आकार माहीत हवा, आणि वाळूउपशानं गिरणेचा तळ ठिकठिकाणी खाली गेला आहे. खोल झालेल्या पात्रातून त्याच पातळीला जास्त पाणी जातं, म्हणजे पातळीवरून विसर्ग काढायचा जुना तक्ता कमी विसर्ग दाखवणार. तो सुधारायचा तर भर पुरात वेग मोजायला हवा. पुलावरून दोरीनं वेगमापक सोडावा, तर वाहत येणारी झाडं त्याला ओढून नेतात. ध्वनिलहरींचं यंत्र छोट्या तराफ्यावरून ओढलं की खोली आणि वेग दोन्ही काही मिनिटांत देतं. मात्र तळाची वाळूच सरकत असेल तर तेही फसतं, त्याला जीपीएसची जोड लागते. माझा कौल पुलाखाली बसवायच्या रडारला. ते पाण्याला शिवत नाही, रात्रीही चालतं. ते मोजतं फक्त पृष्ठभागाचा वेग. सरासरीसाठी त्याला साधारण ०.८५ नं गुणतात. शिवाय पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राचा छेद मोजावाच लागतो. हे काम टाळलं तर रडार नुसतं शोभेचं.

चार दिवसांच्या पुरासाठी एवढा खर्च कशाला, उन्हाळ्यात तर पात्र कोरडंच, हा आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण पुलाची उंची आणि २५ व १०० वर्षांच्या पुरावर आखलेल्या निळ्या-लाल पूररेषा ठरतात त्या याच चार दिवसांच्या नोंदींवर. तापीवर भुसावळ, गिधाडे, सारंगखेडा इथं केंद्रीय जल आयोग पाणी मोजतो, कारण खाली उकाई धरण आणि सुरत आहे. गिरणा धरणाच्या खाली आम्हीही आहोत. पुढच्या पावसाळ्याआधी भडगावच्या पुलावर रडार बसवा, आणि त्याचा आकडा धरणाच्या आकड्याशेजारीच जाहीर करा.