आजोबांची कुऱ्हाड आणि आमचा रंधा

बावधन गावठाणात आमच्या दोन खोल्यांच्या मागे पत्र्याची पडवी आहे. आठ फूट बाय सहा. सायकल आणि पाण्याचा पिंप पुढं हलवून गेल्या दीड वर्षापासून आम्ही तिथं सुतारकाम शिकतो आहोत. आम्ही म्हणजे आम्ही स्वतः आणि वस्तीतली चार मुलं, त्यात एक मुलगी. समाजशास्त्राचं एम.ए. आणि दहा-बारा वर्षं सामाजिक कामात घालवल्यावर हातात करवत आली. ती घरात आणली त्या दिवशी आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "माझ्या बापानं कुऱ्हाड टाकली म्हणून मला पेन धरता आला. तुम्ही एवढं शिकून परत लाकडाकडंच निघालात का?"

हाच प्रश्न चळवळीतल्या मित्रांनीही विचारला, जरा वेगळ्या भाषेत. "बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते रंधा मारायला?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. म्हणून हा लेख.

आधी आजोबांच्या कुऱ्हाडीबद्दल. मुळशी खोऱ्यातल्या आमच्या मूळ गावात महारकीच्या कामांत लाकडं फोडणं होतं. लग्न असो की दिवस-कार्य, वाड्यावरचा निरोप आला की आजोबा कुऱ्हाड घेऊन जायचे आणि वाड्याच्या मागच्या बाजूला दिवसभर ओंडके फोडायचे. मोबदला म्हणजे वरून टाकलेली भाकरी. त्याच गावात सुताराचंही घर होतं. तोही बलुतेदार, आम्हीही बलुतेदार, एकाच खळ्यावर धान्याला उभे राहणारे. पण सुतार ओसरीवर बसून पाळणा करायचा, दाराची चौकट बसवायची म्हणून घरात जायचा. आमच्या आजोबांचा हात ज्या लाकडाला लागायचा ते लाकूड चुलीत जायचं.

आम्हाला वाटतं, या वाटणीकडे आपण नीट पाहिलेलं नाही. लाकूड एकच, झाडही एकच. पण त्यातलं मोडण्याचं काम एका जातीला आणि घडवण्याचं दुसऱ्या जातीला. मोडायला ताकद लागते. घडवायला माप, कोन, हिशोब आणि अवजारं लागतात. जातीनं आमच्याकडून फक्त पुस्तक काढून घेतलं असं आपण भाषणांत म्हणतो. गुण्या आणि पटाशीही काढून घेतली होती. आणि सुताराच्या पोराला पटाशी मिळाली तरी पुस्तक मिळालं नाही, हेही तितकंच खरं.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये मांडलेला मुद्दा आपल्या सगळ्यांना पाठ आहे: जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. पण त्याचा अर्थ 'हातानं काम करू नका' असा आपल्यातल्या काहींनी कधीपासून लावला, कळत नाही. १९२८ च्या मुंबईतल्या गिरणी संपात त्यांचा आग्रह काय होता? कापड खात्यात, म्हणजे विणकामात, अस्पृश्य कामगारांना प्रवेश मिळावा. धोट्यात धागा भरताना तो तोंडानं ओढावा लागतो, म्हणून विटाळाच्या नावाखाली तिथं आपल्या माणसांना घेत नसत, आणि जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनातही त्यांनी सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत अनुसूचित जातींच्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्यावं, ही मागणी केली होती. ही कसबाची मागणी होती. महारकी सोडा आणि यंत्राजवळ जा, असं सांगणारा नेता कसबाचा तिरस्कार करत नव्हता. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली, आजोबांची कुऱ्हाड कायद्यानं सुटली. पण तिच्या जागी रंधा कुणी दिला नाही.

आता पडवीत कसे आलो ते. विहाराच्या अभ्यासिकेत पुस्तकं जमिनीवर होती. फर्निचरवाल्याचा आकडा ऐकून आम्ही म्हटलं, चार फळ्या तर ठोकायच्या आहेत. पाऊण इंची प्लायच्या चार-चार फुटांच्या फळ्या दोन टोकांना टेकवल्या आणि त्यावर महाराष्ट्र शासनानं काढलेले बाबासाहेबांचे 'लेखन आणि भाषणे' खंड रचले. ज्यांनी ते खंड उचलले आहेत त्यांना वजन माहीत आहे. पावसाळा संपेपर्यंत मधली फळी झोळीसारखी झाली.

एका गावच्या मिस्त्रीला विचारायला गेलो. त्यानं आडनाव विचारलं, मग हसून म्हणाला, "हे तुमचं काम नाही, साहेब. तुम्ही ऑफिसातले." 'साहेब' म्हणून दरवाजा बंद करण्याची ही नवी पद्धत आहे. अखेर शिकवणारे भेटले ते आपल्यातलेच. वस्तीतले एक काका आयटीआय करून फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये निवृत्त झालेले. पॅटर्न म्हणजे ज्या साच्यात लोखंड ओततात त्या साच्यासाठी आधी करावा लागणारा लाकडी नमुना. लोखंड थंड होताना आकसतं, तेवढा नमुना मोठा करावा लागतो. आयुष्यभर केसाएवढ्या फरकाचा हिशोब केलेला हा माणूस आम्हाला शेजारी असून माहीत नव्हता, कारण चळवळीच्या कार्यक्रमात तो सतरंज्या घालायला असायचा.

काकांनी वाकलेली फळी पाहून पहिला धडा दिला. फळी वाकते ती लांबीमुळे. पुस्तकांसाठी पाऊण इंची प्लायला दर दोन-अडीच फुटांवर आधार हवाच. आणि फळीची जाडी दुप्पट केली तर वाक निम्मा होत नाही, आठव्या हिश्शावर येतो. म्हणून सगळी फळी जाड घ्यायची गरज नाही. पुढच्या कडेला दीड इंची पट्टी उभी चिकटवली की काम भागतं. हे शाळेच्या गणितात असतं तर आमचा घनमूळ-घनफळाचा धडा इतका कोरडा गेला नसता.

सुरुवात करणाऱ्यांनी काय घ्यावं असं बरेच जण विचारतात. यादी छोटी आहे: एक करवत, एक रंधा, पाव, अर्धा आणि एक इंची अशा तीन पटाशा, गुण्या, मोजपट्टी, धार लावायचा दगड, दोन क्लॅम्प. रंधा आम्ही जुन्या बाजारातून घेतला, तो भरतो बुधवारी आणि रविवारी. लाकडी रंधा, मुठीच्या जागी कुणाच्या तरी तळव्यानं झिजलेला. संयुत्त निकायात बुद्धानं वाकसाच्या दांड्याचा दृष्टांत दिला आहे. सुताराला दांड्यावर आपल्या बोटांचे ठसे दिसतात, पण आज किती झिजला, काल किती, हे सांगता येत नाही. झिजला एवढं मात्र कळतं. चित्तातले आस्रवही तसेच क्षीण होतात. तो झिजलेला रंधा धरला की हे सुत्त कुठल्याही प्रवचनापेक्षा लवकर समजतं.

लाकडासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सागवान विचारायला जाऊ नका, भाव ऐकूनच शिकणं थांबेल. पिरंगुटच्या कारखान्यांतून भंगारात येणाऱ्या पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेट घ्या. त्यावर शिक्का असतो. 'एचटी' लिहिलं असेल तर ते उष्णता देऊन कीड मारलेलं लाकूड, चालतं. 'एमबी' असेल तर विषारी वायू दिलेलं, त्याला हात लावू नका. खिळे एकूणएक काढा. एक राहिला की रंध्याच्या पात्याला खाचा पडतात.

आणि धार. पहिले तीन रविवार काकांनी आम्हाला लाकडाला हातच लावू दिला नाही, फक्त पाती घासायला लावली. आधी पात्याची पाठ सपाट करायची, मग पंचवीस-तीस अंशांत पुढची बाजू. वर्तमानपत्राचा कागद धरून सरळ कापला गेला तर धार आली. मुलं वैतागली. एकानं विचारलं, "काका, आम्ही सुतार होणार की न्हावी?" काका म्हणाले, बोथट पटाशी जास्त धोक्याची, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती निसटते. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे. पटाशीसमोर हात आला की काका फक्त "हात" म्हणायचे, तेवढंच. घरगुती काम करणारे ग्राइंडरला लाकूड कापायचं पातं लावतात, ते आमच्या पडवीत बंद आहे. अंगठा गेलेली माणसं बघितली आहेत.

रंधा चालवताना लाकडाचे रेषे कुठल्या बाजूला चढतात ते पाहायचं. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. उलट गेलं की पृष्ठभाग उपटून येतो. करवत रेघेवर नाही चालवायची, रेघेच्या बाहेर, टाकून द्यायच्या बाजूला चालवायची. पात्यालाही स्वतःची जाडी असते. चौकट काटकोनात आहे का हे पाहायला दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले की झालं. साधा सांधा म्हणजे एका तुकड्यात चौकोनी भोक, दुसऱ्याला त्यात बसेल असं कुसू, जाडी लाकडाच्या एक तृतीयांश. पहिल्या स्टुलाला अकरावीतल्या मुलीनं आठ सांधे केले. सात ढिले. आठवा इतका घट्ट की ठोकताना पायच फाटला. ती रडली नाही, तिनं फाटलेला पाय चिरून पाचरी केल्या आणि ढिल्या सांध्यांत मारल्या. तो स्टूल आजही अभ्यासिकेत आहे, जरा डुलतो.

तिच्या आईचा विरोध मात्र गेलेला नाही. "मुलीला सुतारीण म्हणून कोण करून घेईल?" त्यावर आमच्याकडे तयार उत्तर नाही. आम्ही तिच्या घरी जातो, चहा पितो, परत तेच बोलणं होतं.

मग कुणीतरी म्हणतं, एवढं आहे तर सरकारची योजना आहेच की. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आम्ही वाचली. १८ व्यवसाय, त्यात सुतारकाम. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, पुढे कर्ज. पैशाला नाव ठेवायचं नाही, गरीब कारागिराला ते मिळालेच पाहिजेत. पण योजनेचा हेतू काय सांगितला आहे? गुरु-शिष्य परंपरा, कुटुंबाधारित पारंपरिक कौशल्य बळकट करणं. म्हणजे सुताराच्या पोराला सुतार राहण्यासाठी प्रोत्साहन. तामिळनाडू सरकारनं २०२४ मध्ये नेमक्या या कौटुंबिक अटीवर बोट ठेवलं आणि आहे त्या रूपात योजना राबवायला नकार दिला. महाराष्ट्रात, फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात, यावर किती सभा झाल्या?

आमचा मुद्दा एवढाच आहे. आयटीआयमधला सुतारकामाचा एक वर्षाचा कोर्स तुमच्या बापाचा धंदा विचारत नाही. काकांनीही विचारला नव्हता. कसब जेव्हा जन्मापासून सुटतं तेव्हा ते शिक्षण होतं, आणि जन्माला बांधलं जातं तेव्हा त्याचं बलुतं होतं, मग त्याला कितीही सुंदर देवाचं नाव द्या. एमपीएससीच्या चौथ्या प्रयत्नानंतर घरात तोंड लपवून बसलेला आमच्यातला एक मुलगा आता चांदणी चौकाजवळच्या एका सोसायटीत दारं दुरुस्त करतो आणि संध्याकाळी अभ्यासिकेत बसतो. त्यानं परीक्षा सोडलेली नाही. त्याला सुतार म्हणायचं की विद्यार्थी, हे त्याच्या सोसायटीतल्या लोकांना ठरवता येत नाही, आणि आम्हाला ते आवडतं.

दादा अजून पडवीत येत नाहीत. भुशाचा त्रास होतो म्हणतात, तो होतही असेल. मास्क लावल्याशिवाय आम्हीही घासकाम करत नाही. परवा मात्र त्यांनी चष्मा आणि गोळ्या ठेवायला भिंतीवर छोटा कप्पा हवा म्हणून सांगितलं आणि कागदावर नीट मापं काढून दिली. सगळी सेंटिमीटरमध्ये. आम्ही इंच आणि सूतवाले. सध्या ती बदलून घेतो आहोत.