मध खाणारा

‘मेद्वेदि’ या आदिस्लाव्ह शब्दाच्या आधी भाषाशास्त्रज्ञ एक चांदणी काढतात. असा शब्द लिहिलेला कुठे सापडलेला नाही, याची ती खूण. लेकरांच्या तोंडवळ्यावरून आईचा चेहरा ताडावा, तसा तो ताडलेला. लेकरं पुष्कळ आहेत. रशियन आणि स्लोव्हेनियन ‘मेद्वेद’. पोलिशमध्ये ‘म’चा ‘न’ होऊन ‘न्येज्व्येच’. युक्रेनियनमध्ये अक्षरांची अदलाबदल होऊन ‘वेद्मिद’. हंगेरियन स्लाव्ह कुळातली नाही, पण तिनेही ‘मेद्वे’ उसना घेतला. अर्थ सगळीकडे एकच, अस्वल.

मूळ शब्दात मात्र अस्वल नाहीच. आहे तो मध, आणि खाणं. त्यांचा ‘मेद’ तो आपला मध. पुढचा धातू संस्कृतातल्या ‘अद्’चा सख्खा भाऊ, ज्यातून आपलं अन्न आलं. ऋग्वेदात ‘मध्वद्’ असा याचा जुळा शब्द भेटतो, पण तिथे मध खातात ते पक्षी.

मग अस्वलाचं खरं नाव कुठे गेलं? ते होतं. ग्रीकांकडे ‘आर्क्टोस’, रोमनांकडे ‘उर्सुस’, संस्कृतात ‘ऋक्ष’. आपला जांबुवंत ऋक्षराज. जुन्या मराठीत अस्वलाला रीसही म्हणत. स्लाव्हांनी ते नाव टाकलं, कारण जंगलात नाव घेतलं की अस्वल समोर उभं राहील, ही भीती, असं अभ्यासक मानतात. हे मला पुस्तकावाचून कळतं. आजोळी रात्री साप दिसला तर ‘लांबडं’ म्हणायचं, चावला तर ‘पान लागलं’.

पण लांबडं म्हणताना आपण नुसता आकार सांगतो. त्या माणसांनी ज्याच्या पंजाने जीव जाईल त्याची आवड सांगितली. नावात नख नाही, दात नाही. झाडाच्या ढोलीतलं पोळं आहे. या शब्दावर माझा जीव जडला तो इथे.

पुढे हे नावच खरं होऊन बसलं आणि त्याचंही भय वाटू लागलं. रशियन माणसं ‘कोसोलापी’ म्हणू लागली, म्हणजे तिरक्या पंजांचा. कधी ‘खोझ्याइन’, म्हणजे मालक. लाडाने मिशा. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकचं अस्वल ते हेच.

टाकलेलं नाव मात्र आकाशात राहिलं. वेदांनी सप्तर्षींच्या चांदण्यांना ऋक्ष म्हटलं, ग्रीकांनाही तिथे अस्वलच दिसलं. त्या चांदण्यांखालची भूमी ती ‘आर्क्टिक’. रशियाच्या उत्तरेला, पांढऱ्या अस्वलांच्या बर्फावर, रशियन नकाशात आज तेच नाव लिहिलेलं असतं: आर्क्तिका.