बिनआयोडीनचं मीठ

“आयोडीन नसलेलं मीठ आहे का?” असं विचारल्यावर कोपऱ्यावरच्या वाण्याने आधी माझ्याकडे आणि मग रस्त्याकडे पाहिलं. “ताई, खायला ते विकायची बंदी आहे.” बंदी खरीच, २००६ पासूनची. पण माझ्या हातातल्या कागदावर आहारतज्ज्ञ बाईंनी लाल पेनाने लिहिलं होतं: आयोडीनचं मीठ, मासे, दूध-दही, अंड्याचा बलक, बेकरीचे पदार्थ, १५ दिवस बंद. लोणचं-पापडही नको, कारण त्यांत कुठलं मीठ पडलंय कोण सांगणार?

शाळेच्या पुस्तकातला गलगंडाचा फोटो बघून आमची पिढी घाबरून आयोडीनचं मीठ खायला लागली. आता आईच्या थायरॉइडमध्ये कॅन्सर निघाला, तर पहिली आज्ञा काय, तर आयोडीन तोडा!

कारण समजायला मला दोन दिवस लागले. ऑपरेशननंतर राहिलेल्या पेशी मारायला किरणोत्सारी आयोडीन प्यायला देतात. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, ही त्यांची सवयच त्यांच्यावर उलटवायची. त्यासाठी आधी त्यांना उपाशी ठेवायचं. शेवटी ‘आयोडीन नाही’ असं स्पष्ट छापलेलं सैंधवाचं पाकीट तिसऱ्या दुकानात मिळालं. ते वेगळ्या बरणीत ओतलं आणि बरणीला लाल रबर लावलं.

पण गोंधळ त्याच्या बराच आधी सुरू झाला होता. गाठीतून सुईने काढलेल्या पेशींच्या रिपोर्टात ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’ लिहून आलं. म्हणजे कॅन्सर आहे की नाही? डॉक्टर म्हणाले, “सांगता येत नाही.” मला वाटलं, टाळताहेत. तसं नव्हतं. थायरॉइड कॅन्सरचा पॅपिलरी प्रकार सुईतल्या पेशींवरून बहुतेक वेळा ओळखू येतो. त्यांची केंद्रकं फिकट, काचेसारखी असतात आणि त्यांवर चिरा दिसतात. फॉलिक्युलरच्या पेशी मात्र साध्या गाठीतल्या पेशींसारख्याच. त्या गाठीचं आवरण फोडून बाहेर पडल्यात का, रक्तवाहिनीत शिरल्यात का, यावर कॅन्सर ठरतो आणि ते अख्खी गाठ काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी अर्धी ग्रंथी काढली, कॅन्सरचा रिपोर्ट आला, मग उरलेली. एकाच गळ्यावर दोनदा सुरी. आईने त्यावर एवढंच म्हटलं, “एकदाच चेन लावायची होती.”

मग मी रात्री वाचत बसले आणि स्वतःला तज्ज्ञ समजायला लागले. पॅपिलरी बहुतेक ठिकाणी जास्त आढळतो, पण आयोडीन कमी असलेल्या भागांत फॉलिक्युलर आणि अत्यंत आक्रमक अ‍ॅनाप्लास्टिक यांचा वाटा वाढतो. आयोडीन कमी पडलं की हार्मोन कमी बनतं, मेंदूखालची पिट्युटरी टीएसएचचा चाबूक उगारते आणि ग्रंथी वर्षानुवर्षं वाढत राहते. मिठात आयोडीन घातल्यावर फॉलिक्युलरचा वाटा घटतो, पॅपिलरीचा वाढतो. अर्जेंटिनातल्या साल्ता भागात तसंच दिसलं. मासेखाऊ आइसलँडमध्येही पॅपिलरी जास्त. आपल्याकडे कांगडा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामींच्या चमूने काही भागांत आयोडीनचं मीठ दिलं आणि गलगंड ओसरताना दाखवला. त्यातूनच १९६२ ची राष्ट्रीय मोहीम उभी राहिली.

माझा निष्कर्ष तयार होता: आईला फॉलिक्युलर, म्हणजे लहानपणी आयोडीन कमी. फक्त एक अडचण होती. आईचं माहेर उरणजवळचं. दाराशी मिठागर, ताटात रोज मासळी.

“मी तर जन्मभर बोंबील खाल्ले,” आई म्हणाली. “आणि मीठ आमच्याच आगरातलं.”

पुढच्या भेटीत हे सगळं डॉक्टरांपुढे ओतलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मिठागरातल्या मिठात आयोडीन नगण्य असतं, मासळीत असतं, असं आधी सांगितलं. समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच, असं मी धरून चालले होते! मग म्हणाले, “हजारो रिपोर्ट शेजारी मांडले की हा कल दिसतो. एका रिपोर्टवरून उलटं जाऊन कारण शोधता येत नाही.”

“मग पॅपिलरी वाढलाय तो आयोडीनच्या मिठामुळे का? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय.”

“वाटा बदलणं आणि कॅन्सर होणं वेगळं. शिवाय आम्ही सोनोग्राफी करकरून मोहरीएवढ्या गाठी शोधतो.” त्यांनी दक्षिण कोरियाचं सांगितलं. तिथे २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरची नोंद १९९३ च्या पंधरापट झाली, बहुतेक सगळा पॅपिलरी, आणि मृत्यूचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं. “मीठ बदला म्हणून कोणाला सांगू नका,” असं दोनदा बजावलं. लाल रबराची बरणी फक्त आईची आणि फक्त पंधरा दिवसांची.

मला अजूनही कोणाला तरी दोष द्यायचा होता. मिठाला, पाण्याला, कोणालाही.

डोस झाला. दर आठ दिवसांनी किरणोत्साराचा जोर निम्मा होतो, म्हणून घरी आल्यावर आईची खोली काही दिवस वेगळी, ताटवाटी वेगळी. दुसऱ्या संध्याकाळी दाराआडून आवाज आला, “आता सुकट भाजायला हरकत नाही ना?”

मी लाल पेनाचा कागद उलटसुलट करून पाहिला. काय बंद ते सगळं त्यावर होतं, पुन्हा कधी सुरू ते कुठेच नव्हतं. मी फोन लावला.