झाशीत उभी राहिलेली रिकामी गाडी

मे 2016 च्या पहिल्या आठवड्यात पाणी वाहून नेणाऱ्या दहा डब्यांची एक रेल्वेगाडी झाशी स्थानकात येऊन थांबली. बुंदेलखंडातील महोबा जिल्ह्याच्या तहानेसाठी ती केंद्राकडून आली होती. लातूरसारखी परिस्थिती आमच्याकडे नाही, असे सांगून उत्तर प्रदेश शासनाने ती नाकारली. त्यानंतर डब्यांची तपासणी झाली, तेव्हा दहाही डबे कोरडे निघाले. रेल्वेचे म्हणणे असे की, डबे तेथेच भरायचे होते. काही दिवस थट्टा झाली, आरोप-प्रत्यारोप झाले आणि प्रकरण विस्मरणात गेले.

थट्टेपलीकडे पाहिले तर त्या रुळांवर एक खरा प्रश्न उभा होता. पाणी पुरवायचे कोणी? राज्याने, केंद्राने, की स्वतःची विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याने? त्याच आठवड्याच्या पुढच्या आठवड्यात, 11 मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या याचिकेवर निकाल दिला. दुष्काळ जाहीर करणे राज्याच्या हाती असले, तरी संघराज्याचे कारण पुढे करून केंद्राला अंतिम जबाबदारी झटकता येणार नाही, असा त्याचा आशय होता. आपत्ती येण्यापूर्वीच धोका कमी करण्यासाठी राष्ट्रीय निधीची तरतूद आपत्ती व्यवस्थापन कायद्यात 2005 पासून आहे. तो निधी तोवर उभाच राहिलेला नव्हता. तो उभारण्याचा आदेशही याच निकालात होता.

त्याच कायद्यात आपत्तीची व्याख्या आहे. बाधित क्षेत्रातील समाजाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडचे संकट म्हणजे आपत्ती, असा तिचा गाभा. म्हणजे जेथे लोकांची क्षमता संपते तेथे शासनाचे कर्तव्य सुरू होते. ऐकायला हे रास्त वाटते. परंतु दुष्काळाच्या बाबतीत ही क्षमता कोणी मोजायची, आणि मुळात ती कशावर अवलंबून असते, हे भूविज्ञानाला विचारल्याशिवाय कळत नाही.

थोडे गणित येथे उपयोगी पडते. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10 घनमीटर, म्हणजे 10,000 लिटर पाणी होते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पोहोचलेल्या पहिल्या पाणीगाडीत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. लातूरकरांना त्या दिवसांत त्याचे मोल वेगळे सांगायला नको. पण एका हेक्टर शेतावर 50 मिलिमीटरचा एक दमदार पाऊस झाला, तर पडणारे पाणी तेवढेच भरते. झाशीचा सरासरी पाऊस वर्षाकाठी 850 मिलिमीटरच्या आसपास आहे. आभाळ तेथे कंजूष नाही. अडचण जमिनीखाली आहे.

राणी लक्ष्मीबाईंचा किल्ला ज्या ग्रॅनाइटच्या टेकडीवर उभा आहे, तोच खडक भोवतालच्या मुलखाखाली पसरलेला आहे. अडीच अब्ज वर्षांहून जुना, आणि वरचा झिजलेला थर सोडला तर पाण्याला जवळजवळ बंद. मराठवाड्याचा बेसाल्ट वयाने कितीतरी लहान, पण स्वभावाने असाच कठीण. अशा खडकाच्या एकूण आकारमानापैकी विहिरीत उतरू शकणारे पाणी साधारण एक ते तीन टक्के असते. दोन टक्के धरले, तर केवळ 20 मिलिमीटर पाणी मुरल्याने पातळी एक मीटर वर येते, आणि तेवढेच उपसले की मीटरभर खाली जाते. हे भांडे उथळ आहे. झटकन भरते, झटकन रिते होते.

'ज्याने त्याने आपली सोय पाहावी' हा उपदेश या भांड्यापाशी येऊन फसतो. कर्ज काढून खोल कूपनलिका घेणारा शेतकरी आपल्या समजुतीप्रमाणे जबाबदारीनेच वागत असतो. परंतु भेगांतले पाणी बांध ओळखत नाही. त्याच्या पंपाने शेजाऱ्याची विहीर आटते, आणि मग शेजारी त्याहून खोल जातो. त्यातून खाली गेल्यावर भेगा विरळ होतात, पाणी मिळेलच असे नाही. दोघेही कष्टाळू, दोघेही कर्जबाजारी. भारतीय सुविधाधिकार कायदा 1882 चा आहे, आणि त्यानुसार आपल्या जमिनीखालचे असे पाणी काढण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. खडकाची रचना मात्र त्या कायद्याला ठाऊक नाही.

बुंदेलखंडात यावर एक जुना तोडगा होता. त्याला 'हवेली' म्हणतात. वाड्याशी त्याचा संबंध नाही. उताराच्या वरच्या अंगाचे शेत बांध घालून पावसाळाभर पाण्याखाली ठेवायचे, पावसाळा सरला की पाणी सोडून ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. दरम्यान पाणी मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरी भरतात. मात्र शेतमालकाचे खरिपाचे पीक जाते. बांध फुटला तर दुरुस्तीचा खर्च एका घराच्या आवाक्याबाहेरचा असतो, आणि लाभ मात्र साऱ्या गावाचा. असे कितीतरी बांध फुटले ते फुटलेच राहिले. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

झाशी जिल्ह्यातील पारसई-सिंध पाणलोटात इक्रिसॅट आणि झाशीच्याच केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्थेने 2011 नंतर हे काम हाती घेतले. पैसा एका उद्योगाच्या प्रतिष्ठानाचा होता. सुमारे 1,250 हेक्टरांवर हवेलीचे पुनरुज्जीवन झाले, नाल्यांवर बंधारे आले, आणि सुमारे सव्वा लाख घनमीटर साठवण तयार झाली. विहिरींची पातळी दोन ते पाच मीटरांनी वाढली. सव्वा लाख घनमीटर म्हणजे 5 लाख लिटरच्या अडीचशे गाड्या. त्याही एकदाच नव्हे, पाऊस झाला तर दर वर्षी.

या कामातले कर्तव्य वाटून पाहिले की वाद बराच निवळतो. खडक कुठे झिजला आहे, पाणी कुठे मुरेल, बांधाला सांडवा केवढा हवा, हे एकट्या शेतकऱ्याने शोधावे अशी अपेक्षा करता येत नाही; तो शासनाच्या आणि त्याच्या संशोधन संस्थांच्या वाट्याचा भाग. भरलेल्या विहिरीच्या जोरावर किती पाणी उपसायचे आणि कोणते पीक घ्यायचे, हा गावाच्या वाट्याचा. डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत झाशी जिल्ह्याचा समावेश झाला, आणि गावाने आपल्या पाण्याचा जमाखर्च मांडावा अशी तिची कल्पना होती.

त्या जमाखर्चात एक नोंद मात्र अवघड जाणार आहे. ज्याच्या शेतात पावसाळाभर पाणी उभे राहते, त्या शेतकऱ्याच्या बुडालेल्या खरिपाची भरपाई ज्यांच्या विहिरी भरल्या त्यांनी द्यायची, की शासनाने?